पळवणकर बाळू आणि कर्णधारपदाचा प्रश्न

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका क्रिकेटपटूची कहाणी कशासाठी, असा प्रश्न उपस्थितांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. क्रिकेट हा मुळात साहेबाचा खेळ. पुढे तो संस्थानिकांचा झाला आणि आता तर निव्वळ पैशाचा झाला आहे, अशी पुरोगामी चळवळीतील पुष्कळांची धारणा आहे. ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. भात कापून झाले की कर्जत-खालापूरच्या गावागावांतून मोकळ्या जागेवर कबड्डीची मैदाने आखली जातात. खेळाविषयी बोलायचेच असेल तर त्या मातीतल्या खेळाविषयी बोलावे, असेही कोणी सुचवील.

आयर्लंडमधील राष्ट्रवाद्यांनी हा विचार शेवटपर्यंत नेला. १८८४ साली थर्ल्स या गावी त्यांनी आपल्या देशी खेळांसाठी एक संघटना उभी केली. लाकडी काठीने चेंडू फटकावण्याचा 'हर्लिंग' हा त्यांतला प्रमुख खेळ. या संघटनेच्या सभासदाने क्रिकेट, रग्बी असे राज्यकर्त्यांचे खेळ खेळू नयेत, असा दंडक त्यांनी घातला आणि तो थेट १९७१ पर्यंत टिकला. ब्रिटिश फौजेतील व पोलिसांतील माणसाला तिथे मज्जाव होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हर्लिंग खेळणारा शेतकऱ्याचा मुलगा त्यामुळे आपोआपच राष्ट्रीय चळवळीचा माणूस ठरत असे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर या संघटनेचा फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश शिपायांनी गोळीबार केला. त्यात १४ माणसे मृत्युमुखी पडली आणि टिपरेरी संघाचा एक खेळाडू, मायकेल होगन, मैदानावरच मारला गेला.

हिंदुस्थानात वाट वेगळी झाली. इथल्या शिकलेल्या वर्गाने साहेबाचा खेळ टाकून दिला नाही. तो शिकून घेऊन साहेबाला त्याच मैदानावर हरवण्याचे ठरवले. मुंबईत आधी पारशी आणि युरोपियन यांचे सामने होत. १९०७ साली हिंदू आल्यावर ते तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमान आल्यावर चौरंगी. धर्मवार संघ पाडण्याची ही पद्धत अत्यंत घातक होती आणि १९४६ नंतर ती बंद पडली हे योग्यच झाले. परंतु या व्यवस्थेतून एक अडचणीचा प्रश्न आपसूक पुढे आला. आयरिश संघटनेला एवढेच विचारावे लागत होते की परका कोण. हिंदूंचा संघ निवडायला बसलेल्यांना मात्र आपल्यांत कोण कोण, हे ठरवावे लागले. त्या प्रश्नाचे नाव होते बाळू बाबाजी पळवणकर.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. कुटुंब चर्मकार समाजाचे, आडनाव कोकणातल्या मूळ गावावरून आलेले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुले पुण्यात वाढली. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू-फळ्या घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही त्याच वाटेने आले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्लबात होती. काम होते मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे. पगार महिना ३ रुपये. फावल्या वेळात सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावेत, अशी त्यात भर. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला.

पूना क्लबातली ही वर्षे नीट पाहण्यासारखी आहेत. जे. जी. ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी तेव्हा पश्चिम हिंदुस्थानातले नामांकित फलंदाज होते. इतर सभासद येण्यापूर्वीच ते मैदानावर येत आणि तास-तासभर बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केले की दर वेळी आठ आणे, असा त्यांचा करार होता असे सांगतात. बाळू डावखुरे मंदगती गोलंदाज होते. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, उंची आणि टप्पा बदलणे आणि तासन्तास न थकता अचूक टाकत राहणे, हे त्यांचे सामर्थ्य या मजुरीतून घडले. ग्रेग यांची फलंदाजीही त्याच मजुरीतून सुधारली, हे सहसा कोणी सांगत नाही. या सगळ्या काळात क्लबातल्या कोणीही बाळूंच्या हाती फळी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम आणि गोलंदाजी हे नोकराचे, अशी ती श्रमविभागणी होती.

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यांना हरवू शकेल असा गोलंदाज गावात रूळ फिरवत होता. त्याला घ्यावे की नाही, यावर सभासदांत फूट पडली. अखेर घेतले, कारण जिंकायचे होते. पण कसे घेतले? मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे, तोच चेंडू बाळूंच्या हातात जाई आणि त्याचा विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की इतरांना तंबूत कपबशीतून चहा आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या बोळक्यातून. जेवण वेगळ्या पंक्तीला, वेगळ्या ताटात. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य मानलेल्या जातीचाच नोकर एका कोपऱ्यात पाणी घालणार. चेंडूला स्पर्श चालतो आणि पेल्याला चालत नाही, या शास्त्राचा आधार कोणत्या स्मृतीत सापडतो हे त्या सभासदांनी कोणाला सांगितल्याचे ऐकिवात नाही.

हा प्रकार कुठल्या तरी दूरच्या मुलखातला वाटत असेल तर एवढेच लक्षात घ्यावे की २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंचा मोर्चा काढावा लागला. ते महाड आणि हे कर्जत-खालापूर एकाच जिल्ह्यातले. १९८१ पर्यंत त्याला कुलाबा जिल्हा म्हणत.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. मग मात्र पुण्याला त्यांचा अभिमान वाटू लागला. जाहीर समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला; लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. रानडे यांनी खेळाडूंना सरळ विचारले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली? रानडे यांच्यावर मवाळपणाचा शिक्का मारून पुढे जाणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. तो प्रश्न त्या काळच्या पुण्यात उघडपणे विचारणे सोपे नव्हते.

१८९६ नंतर प्लेगची साथ आली आणि बाळूंनी मुंबईची वाट धरली. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी तेव्हाही कर्जतवरूनच जात होती. बोरघाटाचा हा मार्ग १८६३ साली पुरा झाला. त्याच्या कामावर एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर होते आणि त्यांतले कितीतरी साथीच्या रोगांनी व अपघातांनी मेले. बोगद्यांना त्यांची नावे नाहीत. कर्जतच्या लोकांना आणखी एक गोष्ट रोजच्या पाहण्यातून ठाऊक आहे. घाट चढायचा असला की गाडीला इथे मागून इंजिने जोडली जातात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. चढावाचा मोठा भार ती उचलतात आणि घाट संपला की ती सोडून दिली जातात. गाडी पुढे ज्या नावाने जाते त्या नावात त्यांचा उल्लेख नसतो. बाळूंची कारकीर्द ज्यांनी नीट वाचली आहे त्यांना ही उपमा फार ओढूनताणून आणलेली वाटणार नाही.

मुंबईत १८९४ साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्यानेही आधी कुरकुर केली. काही सभासदांची हरकत होती. कर्णधार कीर्तिकर यांनी ती मोडून काढली. पुढे बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात मुंबईला जो सामना झाला त्याने सगळ्या देशाचे लक्ष वेधले. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी विजय. दुसऱ्या डावात ५ आणि सामन्यात एकूण ८ बळी बाळूंचे. शिवरामही संघात होते. नटराजन यांच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्राने त्या वेळी धावांपेक्षा एका वेगळ्या गोष्टीला महत्त्व दिले. पुण्यात बोळक्यातून चहा पिणारा हा खेळाडू मुंबईत इतरांच्या पंक्तीला बसून जेवतो, हा बदल त्या पत्राला विजयाइतकाच मोठा वाटला. दहा-बारा वर्षांत झालेला हा बदल खरोखरच लहान नव्हता.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. त्यांचे मन मैदानापेक्षा राजवाड्यांतील मेजवान्यांत जास्त रमले आणि ते बहुतेक सामन्यांना हजरच नव्हते. संघ २३ सामने खेळला. ६ जिंकला, १५ हरला. अशा मोडक्या संघात पस्तिशी गाठलेल्या आणि दुखऱ्या खांद्याने खेळणाऱ्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. लेस्टरशायर हा तिथला मान्यवर संघ. त्याला हिंदुस्थानने हरवले तेव्हा ११ बळी बाळूंचे होते. परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात विशीतल्या भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता. दलितांना अभिमानाने नाव घेता येईल असा सार्वजनिक जीवनातला माणूस त्या काळी बाळूंखेरीज क्वचितच दुसरा होता.

यानंतर खरा प्रश्न सुरू होतो. बाळू संघात होते, पंक्तीत होते, सर्वांत अनुभवी होते आणि सर्वांत यशस्वी होते. मग कर्णधार का नाही? १९१० नंतर दर वर्षी हा प्रश्न होता आणि दर वर्षी तो न विचारताच निकालात निघे. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. आपल्या सत्काराला उत्तर देताना पै यांनीच सांगून टाकले की हा मान आपले मित्र बाळू यांचा आहे, ज्येष्ठ तेच आहेत. पै यांचा प्रामाणिकपणा निर्विवाद. परंतु त्यांचे हे भाषण ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या निवड समितीने पुढच्या वर्षीही काही केले नाही.

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही. ज्याच्या अंगमेहनतीवर संघ जिंकतो त्याला संघात घेणे आणि त्याच्या हुकमाखाली उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला फायद्याचे गणित पुरते. दुसरीला मनातली उतरंड मोडावी लागते. सभेच्या आदल्या रात्री भिंती रंगवणारे, वाडीवाडीवरून माणसे आणणारे, सतरंज्या घालणारे आणि उचलणारे कोण, आणि व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर कोण, याचा ताळा खालापूर-कर्जतमधील कोणत्याही पक्षाच्या शाखेने एकदा घालून पाहावा. कातकरी आणि ठाकूर वाड्यांतून या चळवळींना मोर्चासाठी माणसे मिळत आली आहेत. तालुका समितीची यादी मात्र वेगळ्या आडनावांची असते. निवड समितीला दोष देण्याआधी ही यादी हाती घेतलेली बरी.

१९२० साली प्रश्न फुटला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी पडले, तेव्हा ज्येष्ठतेने कर्णधारपद शिवराम किंवा विठ्ठल यांच्याकडे जायला हवे होते. ते देण्यात आले दि. ब. देवधर यांना. देवधर मोठे खेळाडू होते आणि पुढे त्यांनी फार मोठे नाव मिळवले, तेव्हा वाद त्यांच्या गुणांचा नव्हता. शिवराम आणि विठ्ठल यांनी निवेदन काढले, जातीमुळे डावलले गेल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि मुसलमानांविरुद्धच्या सामन्यातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांत वादळ उठले. त्याच डिसेंबरात नागपूरला काँग्रेस भरत होती आणि असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतेचा कलंक धुण्याचे आवाहन येत होते. हिंदू जिमखान्याला एकदम ओशाळे वाटू लागले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊही परत आले. सामना चालू असताना पै अधूनमधून मैदान सोडून बाहेर जात, म्हणजे तेवढा वेळ बाळूंना संघ चालवता यावा. पै यांची ही सद्भावना मनाला भिडते खरी. पण पंचेचाळिशीतल्या थोर खेळाडूला मित्राने बाहेर जाऊन जागा करून द्यावी लागली, ही व्यवस्थेची शरमेची गोष्टही तितकीच ठसठशीत आहे.

१९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले, युरोपियनांवर विजय मिळाला आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून नेले. थोरल्या भावाचा अडवलेला मान धाकट्याला मिळाला. हे केवळ गुणांमुळे झाले असे मानणाऱ्यांनी उत्तर द्यावे की बाळूंच्या गुणांत १९१० पासून कोणती उणीव होती? गुण तेच होते. मध्यंतरी दोघा भावांनी खेळायला नकार दिला होता आणि देशातले वारे बदलले होते.

यापुढचा भाग पुष्कळांना गैरसोयीचा वाटतो, म्हणून बाळूंच्या चरित्रांतून तो घाईने उरकला जातो. बाळू राजकारणात आले ते सवर्ण हिंदूंबरोबर राहून. स्वतंत्र मतदारसंघाची आंबेडकरांची मागणी त्यांना पटली नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करारावर सह्या झाल्या त्यांत एम. सी. राजा यांच्याबरोबर पी. बाळू हेही नाव आहे. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतर घोषणेलाही त्यांचा विरोध होता. मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेच्या बाजूने लढवली आणि ती हरले. मग १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार होते. याच पक्षाने पुढे कुलाबा-रत्नागिरीतील खोतीविरुद्ध विधिमंडळात विधेयक आणले आणि चरीच्या संपकरी कुळांना साथ दिली. भायखळा-परळच्या गिरणगावात मतदान झाले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

या निवडणुकीवरून बाळूंना दुसऱ्याच्या हातातले बाहुले ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. बोळक्यातून पंक्तीपर्यंतचा प्रवास या माणसाने स्वतःच्या देहाने केला होता. समोरचा माणूस बदलतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते: रानडे, कीर्तिकर, पै. आपण उत्तम काम करीत राहावे, संयम ठेवावा, दारे उघडतील, ही त्यांची श्रद्धा अनुभवातून आली होती. आंबेडकरांचा अनुभव निराळा नव्हता; त्यांनी त्यातून निष्कर्ष निराळा काढला. दार उघडणे हे आतल्या माणसाच्या मर्जीवर राहिले तर प्रत्येक पिढीला नव्याने दारात उभे राहावे लागते, म्हणून हक्क कायद्याने आणि संघटित बळाने घेतला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. बाळूंच्याच घरातला पुरावा पाहिला तर पारडे आंबेडकरांकडे झुकते. वीस वर्षे निमूटपणे चेंडू टाकणाऱ्या थोरल्याला कर्णधारपद मिळाले नाही. एकदा नकार देणाऱ्या धाकट्याला तीन वर्षांत मिळाले. गिरणगावातील कामगारांनी १९३७ साली जो कौल दिला तो बाळूंच्या मोठेपणाविरुद्ध नव्हता, आणि मतांतले अंतर अवघे दोन हजारांचे होते हेही ध्यानात ठेवावे. त्या वस्तीतल्या हजारो माणसांना तेव्हाही बाळू आपले वाटत होते.

विठ्ठल पळवणकरांनी १९४८ साली 'माझे क्रीडाजीवन' लिहिले, त्यामुळे या भावांची हकीकत आतून कळू शकली. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या नावावर प्रथम दर्जाचे ३३ सामने आणि १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी आहेत. हिंदू संघाच्या कर्णधारांच्या यादीत पी. विठ्ठल हे नाव सापडते, पी. बाळू हे सापडत नाही.